मदत हवी आहे : तलाव रिकामा न करता क्रिप्टोस्पोरिडियम कसा घालवावा?

लातूरमधील आमच्या वसाहतीच्या जलतरण तलावात गेल्या रविवारी एका मुलाला पाण्यातच जुलाब झाले आणि त्याच्या शौचतपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम आढळला. तलाव तेव्हापासून बंद आहे. हा जुलाब घडवणारा सूक्ष्म परजीवी १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) क्लोरीनमध्ये आठवड्याहून अधिक तग धरतो, म्हणून २० पीपीएम मात्रा पावणेतेरा तास टिकवावी लागते, हे ठाऊक आहे. परंतु वर्षभर स्थिरकयुक्त क्लोरीन पावडर वापरल्याने पाण्यात सायन्युरिक आम्ल (क्लोरीन उन्हात टिकवणारे तेच स्थिरक) ६० पीपीएमवर गेले असून त्यामुळे क्लोरीनचा जोरच उतरतो. वाळूचा फिल्टर दोनदा उलट्या प्रवाहाने धुतला, पण परजीवीचे इतके बारीक कोष वाळूतून निसटतातच. दीड लाख लिटर पाणी टँकरने पुन्हा भरणे (तेही लातुरात, मे महिन्यात!) शक्य नाही. बहुतांश पाणी न बदलता, फिरत्या पाण्यावर अतिनील दिवा बसवून तलाव सुरक्षित करता येईल का, आणि किती दिवसांत?