सासूबाईंचे पणजोबा इंग्लंडमधल्या कुठल्या गावचे? दोन वर्षं शोधतेय

नमस्कार मंडळी, मदत हवीये. माझं सासर ऑस्ट्रेलियन, मेलबर्नचं. सासूबाई ८४ च्या आहेत आणि आपलं मूळ गाव कुठलं हे त्यांना हयातीत कळावं असं मला फार मनापासून वाटतं. त्यांचे पणजोबा १८५३ मध्ये सोन्याच्या खाणींसाठी व्हिक्टोरियात आले, जहाजाच्या यादीत नाव सापडलं पण पुढे नुसतं 'इंग्लिश' लिहिलंय. १८८९ च्या मृत्यूच्या दाखल्यावर वय ६१, व्यवसाय सुतार, जन्मस्थळ 'इंग्लंड', आईवडिलांच्या रकान्यात 'माहीत नाही'. आणि नाव जॉन, आडनावही इतकं कॉमन की इंग्लंडच्या इंडेक्समध्ये शेकड्यांनी निघतात. जन्माचा दाखला तर मिळतच नाहीये. काय करू?

प्रतिसाद १
ताई, जन्माचा दाखला मिळणारच नाही. इंग्लंडात सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, सासूबाईंचे पणजोबा त्याआधीचे, १८२८ च्या आसपासचे. त्यांचा बाप्तिस्मा चर्चच्या रजिस्टरमध्ये असेल, पण त्यासाठी आधी गाव माहीत हवं. म्हणून इंग्लंड सध्या बाजूला ठेवा आणि व्हिक्टोरियातच खणा. मृत्यूच्या दाखल्यावर माहिती देणारा कोण आहे बघा, जावई किंवा अंत्यविधीवाला असेल तर त्याला बिचाऱ्याला काय माहीत असणार! मुलांच्या जन्माच्या दाखल्यांवर मात्र वडिलांचं वय आणि जन्मस्थळ असतं, आणि ते सांगायला बहुतेक वेळा आई किंवा वडील स्वतः गेलेले असतात. एक नाही, सगळ्या मुलांचे दाखले काढा, कारण एकावर 'इंग्लंड' असतं आणि दुसऱ्यावर अचानक गावाचं नाव निघतं. लग्नाचा दाखलाही काढा, साक्षीदार कोण ते बघा, बरेचदा गावाकडचाच माणूस असतो.

प्रतिसाद २
+१. ट्रोव्हवर (ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची वेबसाइट) जुने पेपर फुकट आहेत, तिथे त्यांच्या मुलांच्या, भावंडांच्या निधनाच्या बातम्याही शोधा.

मूळ धागाकर्ती
सात मुलं होती, सातही दाखले काढले!! पाचांवर 'इंग्लंड', एकावर 'नॉरफोक' (इंग्लंडमधली काउंटी, म्हणजे जिल्हा), आणि १८६२ च्या मुलीच्या दाखल्यावर 'स्वॉफम, नॉरफोक'. हात थरथरत होते वाचताना. पण स्वॉफमच्या बाप्तिस्म्यांमध्ये त्या वर्षांत या नावाचं कुणीच नाही.

प्रतिसाद १
वा ताई! आता घाबरू नका, स्वॉफम हे बाजाराचं गाव आहे, परदेशात विचारलं की लोक आपल्या खेड्याऐवजी जवळच्या मोठ्या गावाचं नाव सांगायचे. आजूबाजूच्या सगळ्या पॅरिश (एकेका चर्चच्या हद्दीतला भाग) बघा. १८५१ ची जनगणना तुमच्यासाठी सोन्यासारखी आहे, ते तेव्हा २३ च्या आसपासचे, अजून इंग्लंडातच, आणि तिच्यात जन्माची पॅरिश लिहिलेली असते (१८४१ च्या जनगणनेत फक्त याच काउंटीतला जन्म आहे का, एवढंच). सुतार असलेले जॉन गोळा करा. मग एकेक खोडून काढा, जो १८६१ च्या जनगणनेतही इंग्लंडात दिसतो तो तुमचा नाही, लहानपणीच दफनाच्या नोंदीत गेला तोही नाही. नाव जुळलं म्हणून लगेच वंशावळीत चिकटवू नका, माझी तीन वर्षं अशीच दुसऱ्याच घराण्यामागे गेली. १८१३ पासूनच्या बाप्तिस्म्याच्या छापील नमुन्यात वडिलांचा धंदाही असतो, तोही सुतार निघाला तर उत्तमच.

प्रतिसाद ३
चर्चमध्ये सापडले नाहीत तर ते कुटुंब मेथडिस्ट वगैरे चॅपलवालं (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथाचं) होतं का तेही बघा, बाप्टिस्ट तर तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतच नाहीत. त्या चॅपलांची बरीच जुनी रजिस्टरं १८३७ नंतर सरकारजमा झाली, आता लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये (राष्ट्रीय अभिलेखागारात) आहेत. आणि सासूबाईंची डीएनए टेस्ट आधी करा, तुमच्या नवऱ्याची नको, त्या एक पिढी जवळच्या आहेत.

मूळ धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार. १८५१ मध्ये स्वॉफमच्या आसपास चार जॉन निघालेत, दोघं १८६१ लाही तिथेच आहेत म्हणजे ते बाद. उरलेल्या दोघांपैकी एकाचे वडील सुतार! सासूबाईंना अजून काही बोलले नाहीये, दुसऱ्याचा निकाल लागल्याशिवाय सांगणार नाही.