वसाहतीच्या खासगी तलावातील मासेमारीला कोणते नियम असावेत?

प्रश्न:
आमच्या वसाहतीच्या मालकीच्या तलावात रोहू, कटला, मरळ आणि तिलापिया आहेत. रहिवासी गळ टाकून हवे तेवढे मासे नेतात आणि अलीकडे मोठा रोहू क्वचितच दिसतो. पावसाळ्यात सरसकट बंदी घातली, तर मासे पुन्हा वाढतील का?

प्रतिसाद १:
केवळ बंदीने रोहू-कटला वाढणार नाहीत, कारण हे मासे वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या तलावात त्यांची वीण सहसा होत नाही, म्हणून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, बाहेरून आणून सोडावी लागते. मरळीचे वेगळे आहे. पावसाळ्यात तिची लालसर पिल्ले घोळक्याने पाण्याच्या पृष्ठभागावर येतात आणि नर-मादी खालून त्यांची राखण करतात. त्या वेळी मोठी मरळ गळाला लागली, तर अख्खा घोळका इतर माशांच्या तोंडी जातो. मरळीसाठी बंदी अवश्य घालावी.

प्रतिसाद २:
सहमत आहे. तिलापिया पकडण्यावर मात्र मर्यादा नको. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे संख्या बेसुमार वाढते. इतर मासा सोडायचा असल्यास ओल्या हातानेच धरावा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि बुरशी लागण्याचा धोका वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गळ टाकूच नये. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. बोटुकलीसोबत थाई मांगूर सोडण्याचाही आग्रह होत आहे.

प्रतिसाद १:
कृपया ते होऊ देऊ नका. तो इतर मासे फस्त करतो आणि त्याच्या पालनावर भारतात बंदी आहे.