एआयने लिहिलेल्या अर्जावर वकिलाने सही करावी का?

सदरचा_वकील
शेताच्या धुऱ्याचा वाद, दोघे चुलतभाऊ. माझ्या अशिलाविरुद्ध मनाई हुकमाचा अर्ज आला. त्यात सर्वोच्च न्यायालयाचा एक निवाडा दिला होता, एआयआरचं (ऑल इंडिया रिपोर्टर या निवाड्यांच्या छापील संग्रहाचं) वर्ष आणि पान यांसह. बार लायब्ररीत जाऊन तो खंड काढला. त्या पानावर भाडेकरूकडून घर रिकामं करून घेण्याचं प्रकरण निघालं. पक्षकार वेगळे, मुद्दा वेगळा, आणि अर्जात अवतरणचिन्हांत टाकलेला उतारा त्या निकालात कुठेच नाही. मसुदा एआयकडून करून घेतल्याचं समोरच्या वकिलांनी नंतर मान्य केलं.

चितळ्यांचा ऑल इंडिया रिपोर्टर आपल्या नागपूरचा. देशभरच्या कोर्टांत ज्याच्या भरवशावर युक्तिवाद होतात, त्याच्याच नावावर इथे खोटा निवाडा खपवला जावा, याचा मला संताप येतो.

माझ्या दोन मागण्या आहेत. एआय वापरलं असेल तर अर्जातच तसं लिहा. आणि ज्या निवाड्याचा आधार घेता त्याची पूर्ण प्रत जोडा. प्रत मिळत नसेल तर त्याचं नावही घेऊ नका.

उमरेडची_ज्युनियर
सर, दुसरी मागणी शंभर टक्के मान्य. पहिली अजिबात नाही. मी तालुका कोर्टात काम करते. निवाड्यांच्या खासगी साइटची वर्षाची फी मला परवडत नाही. एआयमुळे घटनांचा तारीखवार तक्ता लागतो, माझं इंग्रजी सुधारतं, समोरचा काय बोलेल याचा अंदाज येतो. निवाडा मात्र मी ई-एससीआर या निवाड्यांच्या साइटवर उघडून पूर्ण वाचते. सर्वोच्च न्यायालयाने ते 2023 पासून फुकट ठेवलंय. "एआय वापरलं" असं लिहिलं की माझ्या अर्जाकडे बघायची नजरच बदलेल. सिनियर लोक ज्युनियरकडून मसुदे करून घेतात, ते कुठे लिहितात? ज्याची सही त्याची जबाबदारी, एवढा नियम पुरेसा आहे.

सदरचा_वकील
ज्युनियरला समोर बसवून "हे कुठे वाचलंस?" असं विचारता येतं, तो खंड दाखवतो. न्यूयॉर्कच्या माता विरुद्ध एव्हियांका प्रकरणात वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारलं, तू दिलेले हे निवाडे खरे आहेत का. त्याने हो म्हटलं, पण ते बनावट होते. 2023 मध्ये 5000 डॉलर दंड झाला. सही तिथेही होतीच की.

उमरेडची_ज्युनियर
आणि दंडही सहीमुळेच झाला, सर.

कामठीचा_पक्षकार
तुम्ही वकील मंडळी आपापल्या सोयीचं बोलून राहिले. आमच्याकडे कोण पाहते? हायकोर्टाचा आदेश इंग्रजीत आला. वकिलाच्या ऑफिसात विचारलं तर "पुढच्या पेशीला या". फोनवर एआयला मराठीत समजावून मागितला, तेव्हा कळलं की कागद दाखल करायला चारच आठवडे दिले आहेत आणि त्यातला एक निघून गेला. मग वकिलाच्या मागे लागलो. एआय नसतं तर मुदत गेली असती.

निवृत्त_शिरस्तेदार
भाऊ, तुम्ही केलं ते बरोबरच. सर्वोच्च न्यायालयाचं स्वतःचं सुवास हे भाषांतराचं सॉफ्टवेअर 2019 पासून आहेच. समजून घ्यायला यंत्र खुशाल वापरा, पण मुदतीची तारीख मूळ आदेशावरच बोट ठेवून खात्री करून घ्या.

मला खरी काळजी वकिलांची नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, कारण तो अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांवर उभा होता. ते निवाडे वकिलाने दिले नव्हते, आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याने घातले होते. त्या करदात्याला उच्च न्यायालयापर्यंत जाणं परवडलं. आता महसुली कामाचा विचार करा. फेरफाराची हरकत, रस्त्याचा वाद, वर्ग 2 च्या (विक्रीवर सरकारी अटी असलेल्या) जमिनीचा शर्तभंग. पुष्कळ वेळा शेतकरी वकिलाशिवाय उभा असतो. आदेशात मोठ्या कोर्टाचं नाव दिसलं की तो मान खाली घालून घरी जातो. तो निवाडा तपासायला बार लायब्ररीत कोण जाणार? केरळ उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं: निष्कर्ष, आदेश, निकाल ठरवायला एआय वापरायचं नाही, भाषांतरही माणसाकडून तपासून घ्यायचं. तसा नियम आधी आपल्या महसुली टेबलांना लावा. वकिलाची चूक दाखवायला समोर दुसरा वकील असतो. आदेश लिहिणाऱ्याच्या समोर कोण आहे?

फौजदारी_सिव्हिल_लाइन्स
पोलिसांसाठी सरकारने 2024 मध्ये इथे नागपुरातच मार्व्हल ही एआयची कंपनी काढली. तपासाच्या बाजूने यंत्र, आणि बचावाच्या वकिलाने मात्र आधी कबुलीजबाब द्यायचा, हा कुठला न्याय? लागू करायचं तर दोन्ही बाजूंना करा. दोषारोपपत्रातला कोणता भाग यंत्राने तयार केला, हे आरोपीला आधी कळलं पाहिजे.

सदरचा_वकील
हे पटलं. दोषारोपपत्र आणि महसुली आदेश दोन्ही घ्या, वकिलांच्याही आधी घ्या. पण उमरेडच्या ताई, लिहून देण्याची अट मी सोडणार नाही. खोटा निवाडा पकडेपर्यंत एखाद्याच्या धुऱ्यावरून नांगर फिरलेला असतो. अर्जात आधीच लिहिलेलं असेल तर समोरचा पहिल्याच पेशीला खंड उघडेल.

उमरेडची_ज्युनियर
खंड त्याने प्रत्येक अर्जाला उघडावा, सर, एआय असो वा नसो. तुमच्या दुसऱ्या मागणीचा अर्ज बार असोसिएशनकडे द्यायचा असेल तर मसुदा मी करते. पहिल्या मागणीवर मात्र माझी सही मिळणार नाही.