'बकेट'ला मराठीत काय म्हणावं?

केळीचं पान
मंडळी, एका शब्दावर अडले आहे. रावेरकडच्या केळी उत्पादकांच्या एका गटाचे कागद, म्हणजे सातबारे, माती परीक्षणाचे अहवाल, रोग पडलेल्या पानांचे फोटो, आता ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या फायलींच्या साठवणीत ठेवतात. तिथे प्रत्येक फाइल म्हणजे एक 'ऑब्जेक्ट' आणि त्या ज्यात ठेवायच्या ती 'बकेट'. त्या साठवणीच्या एपीआयवर (सॉफ्टवेअरने तिच्याशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीवर) एका मुलाने छोटं सॉफ्टवेअर बसवून दिलं आणि पडद्यावरचे संदेश मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. 'बकेट'ला मी डोळे झाकून 'बादली' लिहिलं. आता, आत एक जरी फाइल उरली असेल तर बकेट डिलीट होत नाही, सर्व्हर ४०९ हा नकाराचा आकडा देऊन परत पाठवतो. त्याचं मराठी मी केलं, "बादली रिकामी नाही, म्हणून काढता येत नाही." गटातल्या एका आबांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "मग ओत ना माय!"
सगळे हसले. मीही हसले, पण तेव्हापासून ती बादली टोचतेय. तुम्ही काय लिहाल?

जिभाऊ धुळेकर
आमना गावमा बादली कोनीबी म्हनत नही. बकेट लई ये, इतलंच. लिही टाक बकेट.

शब्दवेल्हाळ
जिभाऊ, गावात म्हणतात ते सगळंच छापायचं तर कोश बंद करून टाकू. 'बादली' हा अस्सल मराठी शब्द घरात असताना 'बकेट' कशाला? आणि बादली फारच घरगुती वाटत असेल तर 'संचयपात्र' करा. हसणारे हसतील. 'संगणक'लाही हसले होते.

तापीकाठ
शब्दवेल्हाळ, राग मानू नका, पण तुमची अस्सल बादली पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरली आहे. मूळ 'बाल्दे', त्याची बालदी, आणि ल-द ची अदलाबदल होऊन बादली. चावी, घमेलं, पगार हीसुद्धा त्याच गलबतातली. एक परका शब्द काढून दुसरा परका बसवायचा, फक्त आधीचा जुना म्हणून सोवळा?

शब्दवेल्हाळ
बालदीचं ठाऊक आहे. पण 'बादल' म्हणजे ढग हे विसरू नका. ढगातून पाणी, म्हणून बादली. आणि ही साठवण 'क्लाउड'मध्येच असते ना? याहून चपखल शब्द मिळेल?

तापीकाठ
जमलंय छान, पण व्युत्पत्ती अशी जमवायची नसते. या न्यायाने 'पगार' म्हणजे पायगाडीने येणारा.

आसोद्याची लेक
पाणी सोडा, धान्याकडे या. हे साठवायचं काम आहे ना? मग 'कणगी'. आजीच्या धाब्याच्या घरात कोपऱ्यात एक होती, माझ्या डोक्याएवढी उंच, बांबूच्या कामट्यांची, शेणामातीने लिंपलेली. बुडाशी मुठीएवढं भोक, त्यात चिंध्यांचा बोळा. आजी बोळा काढायची की ज्वारी आपोआप सुपात घरंगळायची, आणि सूप भरलं की ती तळहाताने धार अडवायची. बोळा परत बसेपर्यंत दोन मुठी जमिनीवर सांडायच्याच, त्या कोंबड्यांच्या. दुसरा शब्द 'बळद', तोही धान्याचाच. आता ऐकायलाच मिळत नाही. हे शब्द अशा कामाला नाही लावायचे तर कशाला ठेवायचे?

केळीचं पान
ताई, कणगी वाचून जीव हरखला. पण अडचण बघा. कणगीतला अमुकच दाणा दे, असं कोणी म्हणत नाही. इथे तेच करायचं असतं. प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतःचं पुरतं नाव असतं आणि त्या नावाने हाक मारली की तोच बाहेर येतो. आत कप्पेही नाहीत. आपल्याला फोल्डर दिसतात ते नावातल्या तिरक्या रेघेमुळे.
त्यावरून झालेली फजिती सांगते. ऑब्जेक्टच्या नावात देवनागरी चालतं, १०२४ बाइटपर्यंत. आपलं अक्षर तिथे तीन बाइटचं, म्हणजे साधारण ३४१ अक्षरं, काना-मात्रा वेगळ्या मोजून. मी खुशीत फायलींना '७/१२' असं नाव दिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर '७' नावाचं फोल्डर आणि त्यात '१२' नावाची एकुलती एक फाइल! अर्धा दिवस सातबारा हरवला म्हणून शोधत होते. आता अक्षरी 'सातबारा' लिहिते.

नुसता वाचक
हे भारी आहे. एक पोटप्रश्न. ऑब्जेक्टच्या या नावाला तिथे 'की' म्हणतात आणि आत शिरायच्या परवान्यालाही 'की'च म्हणतात. दोन्हींना किल्ली लिहिलंत का?

केळीचं पान
लिहिलं होतं! मग एकाने फाइलचं नाव मागितलं तर दुसऱ्याने त्याला गुप्त किल्लीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. रातोरात बदलावी लागली. आता फाइलची ती 'नाव' आणि आत शिरायची ती 'किल्ली'. पण मूळ प्रश्न बकेटचा आहे हो.

भुसावळ पार्सल
ऑब्जेक्टला 'दागिना' म्हणा. जुन्या लोकांत सामानाच्या नगालाही दागिनाच म्हणत. वडील प्लॅटफॉर्मवर सामान मोजताना म्हणायचे, "दागिने किती? सात. सात उतरले का?" जळगावच्या सराफाला सांगू नका म्हणजे झालं.

शब्दवेल्हाळ
आणि बादलीत दागिने ठेवायचे. वा.

तापीकाठ
आबांचं "ओत ना" मात्र हसण्यावारी नेऊ नका. या बकेटला ओतणं नाहीच, एकेक नग नाव घेऊन काढावा लागतो. यादी मागितली तर एका वेळी हजारच नावं येतात, पुढची परत मागायची. आणि व्हर्जनिंग, म्हणजे फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवायची सोय, चालू असेल तर काढलेली फाइल जातच नाही, तिच्यावर 'काढली' अशी नुसती खूण पडते. यादी रिकामी, बकेट रिकामी दिसते आणि तरीही ४०९. मी एक अख्खी संध्याकाळ स्वतःलाच शिव्या घालत बसलो होतो. जुन्या आवृत्त्या आणि त्या खुणा, सगळं वेचून काढल्यावर सुटका झाली. तेव्हा शब्द कुठलाही घ्या, पण संदेशात 'रिकामी नाही' एवढंच लिहू नका. 'आत जुन्या प्रती असू शकतात' हे जोडा.

केळीचं पान
हे घेते. आतापर्यंतचं सगळ्यात कामाचं.

जिभाऊ धुळेकर
एक सांगू? बादली, पोहरा हे हलणारं भांडं. विहिरीत सोडा, वर ओढा. ही तुमची बकेट जागची हलत नाही, जिथे केली तिथेच पडून राहते. मग ती बादली कशी? ती तर आड झाली! पोहरा म्हणजे तुम्ही जी मागणी सोडता ती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे तुमच्या ४०४ ला, 'सापडलं नाही' म्हणणाऱ्या त्या आकड्याला, लावून बघा.

नुसता वाचक
जिभाऊंनी बाजी मारली.

शब्दवेल्हाळ
म्हण सुंदर आहे. पण "आड रिकामा नाही, म्हणून काढता येत नाही" असं छापणार का?

तापीकाठ
अ‍ॅमेझॉनने २००६ साली एस थ्री ही त्यांची साठवण काढली तेव्हा 'बकेट' म्हटलं, गूगलनेही तेच उचललं. मायक्रोसॉफ्टचे अझ्युअरवाले त्यालाच 'कंटेनर' म्हणतात. त्यांच्यातच एकमत नाही, आपण कशाला भांडायचं?

आसोद्याची लेक
भांडायचं ते भांड्यावरूनच! बरं, या बकेटचं नाव सगळ्या खातेदारांत दुसऱ्या कोणाचं असलेलं चालत नाही आणि एकदा दिलं की बदलता येत नाही, खरं ना? लग्नातल्या भांड्यावर कोरलेल्या नावासारखं. आमच्याकडच्या एका पातेल्यावर मामाचं नाव चुकीचं कोरलंय. चाळीस वर्षं तेच वापरतोय.

केळीचं पान
खरं. आणि तिथे देवनागरीही नाही. लहान इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंब, आडवी रेघ, तीन ते त्रेसष्टच्या आत. 'केळी' म्हणून नाव दिलं की थेट नकार.
असो. संदेश उद्या सकाळी द्यायचेत. सध्या "बकेटमध्ये अजून फायली किंवा त्यांच्या जुन्या प्रती आहेत. त्या काढल्याशिवाय बकेट काढता येणार नाही" असं ठेवतेय. कोणाला खटकतंय का?

शब्दवेल्हाळ
खटकतंय. संचयपात्र.

भुसावळ पार्सल
आसोद्याच्या ताई, कणगीच्या त्या बोळ्याला तुमच्याकडे वेगळं नाव होतं का? आमची आत्या 'दट्ट्या' म्हणायची.

आसोद्याची लेक
दट्ट्या लाकडाचा ना? चिंध्यांचा तो बोळाच.

जिभाऊ धुळेकर
आमच्याकडे दोघांनाही बूच.