उन्हाळ्यात ट्यूबवर बसून नदीत तरंगायचंय, कोल्हापूरजवळ कुठं जमेल?

राजारामपुरीची आई:
पोरांना सुट्टी लागलीय, दोघांनाही पोहता येतं पण टँकमधलं. रील्समध्ये लोक ट्यूबवर पडून नदीतनं आरामात वाहत जातात ते बघितल्यापासनं रोज तेच चाललंय. कोलाड, दांडेली लांब पडतं, आम्हाला सकाळी जाऊन जेवायला घरी असं पाहिजे. पंचगंगा घाटावर चालेल का, का वर भोगावतीला जावं? आणि नदी नाहीच जमली तर दुसरं काय?

भोगावतीकाठचा:
ताई घाटावर नको, शहरातले नाले नदीला मिळतात आणि उन्हाळ्यात पाणी साचून असतं, पोरांच्या नाकातोंडात तेच जाणार. प्रयाग चिखलीच्या संगमाच्या वर, भोगावतीला नाहीतर कासारीला पाणी बरं असतं.
पण आपली नदी उन्हाळ्यात रीलसारखी वाहत नसते. ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, त्यात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले आणि मागं पाण्याचा फुगवटा, त्यामुळं ट्यूब वाहत जात नाही, जागच्या जागी तरंगते आणि खरं सांगायचं तर पोरांना तेवढं बास होतं. राधानगरी धरणातनं पाणी सोडलं की मात्र तीच नदी ओढ घेते, म्हणून आदल्या दिवशी गावात विचारा आवर्तन (धरणातनं पाणी सोडणं) चालू आहे का, असलं तर जाऊच नका. बंधाऱ्यापासनं वरच्या अंगालाही लांब राहायचं, खालच्या अंगाला तर अजिबात जायचं नाही. वरनं पाणी पडतं तिथं ते उलटं फिरतं, ट्यूबसकट माणूस परत परत भिंतीकडं ओढला जातो, पट्टीचा पोहणारापण सुटत नाही. काठाला शेतीच्या मोटरी असतात, पाण्यात फुटव्हॉल्व आणि केबली, तिथनंपण लांब. आणि गावातला डोह माहीत असलेला माणूस सोबत घ्याच, वाळू उपसून पडलेले खड्डे वरनं दिसत नाहीत.

ट्रॅक्टरवाला_करवीर:
वरच्या भावानं बरोबर सांगितलंय. ट्यूबचं माझ्याकडनं ऐका, पंक्चरवाल्याकडं ट्रॅक्टरची जुनी ट्यूब मिळते. हवा टम्म भरू नका, उन्हात फुगून फुटते. नोझल मांडीला लई बोचतं, त्यावर फडकं ठेवून जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. काळं रबर तापतं, बसायच्या आधी पाणी मारा. पोराला ट्यूबला बांधायचं नाही हे पक्कं ध्यानात ठेवा, उलटली तर डोकं खाली आणि पाय वर अडकतात. लाइफ जॅकेट अंगात पाहिजेच, ट्यूब असली तरी. मोठं माणूस काठावर नाही, पाण्यात पाहिजे.

शिरोळकर:
नदी नाही जमली तर पन्हाळा आहेच की, वीसेक किलोमीटर. दुपार टाळून गेला तर अंधारबाव या जुन्या विहिरीच्या पायऱ्या उतरतानाच गार वाटतं, अंबरखान्याच्या जाड भिंतीपण पोरांना दाखवा, एवढं धान्य साठवायचे तिथं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या किल्ल्यांत पन्हाळा आहे.
माझ्या मनातली जागा मात्र खिद्रापूर. नरसोबाच्या वाडीला दर्शन घ्या, बासुंदी घ्या आणि कुरुंदवाडवरनं पुढं जावा. तिथल्या कोपेश्वराच्या देवळात स्वर्गमंडपाला वर गोल उघडं आभाळ आणि खाली खांबांचं रिंगण, पोरं मान वर करून बघत बसतात. अनवाणी फिरायचं असतं आणि दगड लई तापतो, त्यामुळं नऊच्या आत पोचाच.

राजारामपुरीची आई:
सगळ्यांचे आभार. परिते भागात पाहुणे आहेत, त्यांना आवर्तनाचं विचारते. दाजीपूरला गवे दिसतात का हो आता?

भोगावतीकाठचा:
उन्हाळ्यातच जास्त दिसतात, पाण्यावर येतात. पण ते जेवायला घरी असं होत नाही, पहाटे निघा आणि डबा घेऊन जावा. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, म्हणून मे संपायच्या आत बघा. वाटेत करवंदं, जांभळं विकायला बसलेल्या बाया दिसतील, त्यांच्याकडनं घ्या.