ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनात पडलेला माल परत मागवता येतो का?

यंत्रमागकर: इचलकरंजीहून इंदूरच्या पार्टीला उधारीवर ग्रे कापडाच्या गाठी गेल्यात. माल ट्रान्सपोर्टच्या इंदूर गोडाऊनात आहे, डिलिव्हरी झालेली नाही. आता त्या पार्टीचे चेक सगळीकडेच परत जायला लागलेत. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, बिल्टी (माल पाठवल्याची ट्रान्सपोर्टची पावती) पार्टीच्या नावाची, तुम्हाला माल कसा देऊ? त्यात आणखी एक देणेकरी कोर्टातून जप्ती आणणार असं कळतंय.

दिवाणी_बाजू: देणेकरी नव्हे, घेणेकरी. असो. सेल ऑफ गुड्स ॲक्ट, १९३०, कलम ५० ते ५२ पाहा. पैसे न मिळालेला विक्रेता वाटेतला माल थांबवू शकतो, पण खरेदीदार नादार हवा. नादार ठरायला कोर्टाचा हुकूम लागत नाही. धंद्यातली देणी देणं त्याने बंद केलंय, किंवा देय झालेली देणी त्याला देता येत नाहीत, एवढं कलम २(८) ला पुरतं. एकट्या तुमच्या बिलाला उशीर झाला म्हणून नादारी ठरत नाही. इतर व्यापाऱ्यांकडूनही परत आलेल्या चेकचे बँक मेमो मागून घ्या.

माल गोडाऊनात उतरला म्हणजे वाट संपली असं नाही. घोटाळा इथे होतो: पार्टी फोन करते, ‘माल राहू द्या, गोडाऊनभाडं मी देतो’, आणि ट्रान्सपोर्ट ‘ठीक आहे, तुमच्या वतीने ठेवतो’ असं कळवतं. त्या क्षणी कलम ५१ प्रमाणे वाट संपली आणि तुमचा हक्क गेला. म्हणून नोटीस आजच द्या. बिल्टी नंबर, तारीख, गाठींची संख्या, मार्का, बिल नंबर, सगळं लिहा. एक प्रत इंदूर गोडाऊनला, एक हेड ऑफिसला. नुसती हेड ऑफिसला दिली आणि त्यांनी इंदूरला कळवायच्या आत माल सुटला, तर ती कागदावरच राहते.

गोडाऊन_मॅनेजर: नोटीस मिळाल्यावर माल तुम्ही सांगाल तसा परत द्यावा लागतो, खर्च मात्र तुमचा. ‘टू-पे’ बिल्टी (भाडं माल सोडवताना द्यायचं) असेल तर आधी भाडं भरा. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७, कलम १५ प्रमाणे भाड्यासाठी माल अडवता येतो. परतीला नवीन ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीचा ऑनलाइन परवाना) काढा. जुनं काढल्यापासून २४ तासांतच रद्द करता येतं, ती वेळ गेलेली असणार.

यंत्रमागकर: आणि जप्ती आधी आली तर?

दिवाणी_बाजू: माल ऋणकोच्या, म्हणजे तुमच्या पार्टीच्या, ताब्यात नाही, म्हणून बेलिफ गाठी उचलून नेत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) आदेश २१, नियम ४६ खाली ट्रान्सपोर्टला लेखी मनाई येते: हा माल ऋणकोला देऊ नका. निकालाआधीची जप्ती असेल तर आदेश ३८, नियम १० आहे. दाव्यात पक्षकार नसलेल्याचे आधीपासूनचे हक्क तिने बाधित होत नाहीत. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतली असेल तर आदेश २१, नियम ५८ खाली त्याच कोर्टात हरकत घ्या, लिलावाच्या आत. विक्री होऊन गेल्यावर कोर्ट ती ऐकत नाही.

खरी भीती सेल ऑफ गुड्स ॲक्टच्या कलम ५३ ची. मालाचा हक्कदर्शक कागद (ज्याच्यावर माल सोडवता येतो, जसं बिल्टी) पार्टीने मोबदला घेऊन तिसऱ्या प्रामाणिक माणसाला दिला असेल, तर विक्रीत तुमचा हक्क संपतो आणि तारणात त्याचं देणं आधी येतं. मूळ बिल्टी बँकेमार्फत गेली होती की थेट पार्टीला, हे आधी तपासा.

करसल्लागार: माल थांबवल्याने सौदा आपोआप मोडत नाही. पार्टीला मुदतीची नोटीस देऊनच दुसरीकडे विका. नोटीस न देता विकलात तर तूट मागता येत नाही आणि वर नफा झाला तर तो पार्टीचा. क्रेडिट नोट (मूळ बिलाची रक्कम कमी करणारा कागद) त्यानंतर.