मदत हवी आहे : स्लोव्हेनियात 'व्यावसायिक कारण' दाखवून नोकरी संपवली आहे, सही करावी की दावा लावावा?

नमस्कार.

मी मारिबोर येथे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात उत्पादन नियोजनाचे काम करते. गेल्या आठवड्यात मला कार्यालयात बोलावून दोन कागद देण्यात आले. पहिला कागद नोकरी संपवत असल्याच्या नोटिशीचा असून त्यात 'पोस्लोव्नी राझ्लोग', म्हणजे व्यावसायिक कारण, दिले आहे. मागणी घटल्यामुळे विभागाची फेररचना झाली आणि माझे पद उरले नाही, एवढ्या दोन वाक्यांपलीकडे त्यात काहीही नाही. दुसरा कागद परस्परसंमतीने करार संपवण्याचा आहे. त्यावर शुक्रवारपर्यंत सही केल्यास नोटीस मागे घेऊन एक महिन्याचा पगार लगेच देऊ, असे तोंडी सांगण्यात आले. मी अजून कशावरही सही केलेली नाही. नोटीस मिळाल्याची पोच मात्र दिली आहे.

2013 पासून लागू असलेला रोजगार संबंधांचा कायदा, ज्याला इथे सगळे झेड-डी-आर-1 म्हणतात, तो मी शब्दकोश जवळ ठेवून वाचते आहे. आर्थिक, संघटनात्मक, तांत्रिक, रचनात्मक किंवा अशाच कारणामुळे विशिष्ट कामाची गरज संपली असेल तर मालक नोटीस देऊन करार संपवू शकतो, परंतु नोटीस लेखी आणि सकारण असली पाहिजे आणि कारण खरे आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे, असा अर्थ मला लागला. तो बरोबर असेल तर माझ्यापुढे तीन शंका उभ्या राहतात.

पहिली शंका सेवाकाळाची. मी या कारखान्यात आठ वर्षे पूर्ण केली आहेत, पण त्यांतील पहिली पाच जुन्या मालकाच्या काळातली आहेत. त्यानंतर सध्याच्या कंपनीने कारखाना माणसांसह ताब्यात घेतला. पत्रात माझी सेवा तीनच वर्षे धरून नोटिशीची मुदत 32 दिवस लिहिली आहे आणि सेवासमाप्तीची रक्कम, म्हणजे ओदप्राव्निना, त्याच हिशोबाने काढली आहे. हे कायद्याला धरून आहे का?

दुसरी शंका मला अधिक अस्वस्थ करते. नोटीस मिळाल्यानंतर काही दिवसांतच कंपनीच्या संकेतस्थळावर 'पुरवठा समन्वयक' या पदाची जाहिरात आली. आठवड्याचा उत्पादन आराखडा, कच्च्या मालाच्या मागण्या, पाळीप्रमुखांशी समन्वय, अशी तिच्यातील कामे जवळजवळ ओळीने माझ्या करारातीलच आहेत. पदाचे नाव बदलले की गरज संपली, असे मानता येते का?

तिसरी शंका संमतीच्या कागदाविषयी आहे: सही केल्यास मी नेमके काय गमावते? माझ्याकडे कायम वास्तव्याचा परवाना आहे, त्यामुळे परवान्याचा प्रश्न नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी ल्युब्लियानामध्ये एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करतो. मी वकील नाही, पण अशी पत्रे तयार करणे आणि तपासणे हे माझे रोजचे काम आहे.

सर्वांत आधी तिसरी शंका, कारण शुक्रवार जवळ आहे. सही करू नका. संमतीने करार संपला की कायद्याने मिळणारी ओदप्राव्निना देण्याचे बंधन मालकावर उरत नाही, आणि नोकरी तुमच्या इच्छेने सुटली असे ठरत असल्यामुळे बेकारी भत्त्याचा हक्कही जातो. असा करार करताना भत्त्यावर होणारा परिणाम तुम्हाला लेखी कळवणे मालकावर बंधनकारक आहे. तो कागद तुम्हाला मिळाला आहे का, हे पाहा.

सेवाकाळाबाबत तुमचे म्हणणे रास्त आहे. व्यवसाय हस्तांतरित झाला की करारातील हक्क आणि जबाबदाऱ्या नव्या मालकाकडे जातात आणि पूर्वीच्या मालकाकडील वर्षे धरली जातात. दोन वर्षांनंतर नोटिशीची मुदत 30 दिवस असते आणि पुढच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला दोन दिवसांनी, जास्तीत जास्त 60 दिवसांपर्यंत वाढते. म्हणजे आठ वर्षांना 42 दिवस. ओदप्राव्निना एक ते दहा वर्षांच्या सेवेसाठी दरवर्षी मूळ रकमेचा एक पंचमांश असते, आणि मूळ रक्कम म्हणजे नोटिशीपूर्वीच्या तीन महिन्यांचा सरासरी पगार. समजा ही सरासरी 2,300 युरो असेल, तर आठ वर्षांचे 3,680 युरो होतात आणि तीन वर्षांचे फक्त 1,380. तुमचा सामूहिक करारही (कामगार संघटना आणि मालक यांच्यातला) वाचा, काही क्षेत्रांत त्यात याहून चांगल्या तरतुदी असतात.

जाहिरातीबद्दल सावधपणे लिहितो. तुमची कामे आधीच्या सहकाऱ्यांत वाटून दिली असती तर ते बहुधा वैध ठरले असते, कारण काम कसे रचायचे हा मालकाचा अधिकार आहे. तुम्हाला दुसरी जागा देता येते का, हे तपासण्याचे बंधन जुन्या कायद्यात होते. 2013 च्या कायद्यात ते राहिलेले नाही. त्यामुळे जुन्या लेखांवर भिस्त ठेवू नका. मात्र त्याच कामासाठी बाहेरून नवे माणूस घेतले जात असेल, तर कामाची गरज संपली हे म्हणणे टिकणे कठीण असते. ती जाहिरात तारखेसह आजच जपून ठेवा, उद्या ती काढून टाकली जाऊ शकते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, मुदतीबद्दल मात्र भर घालते. नोटीस हातात पडल्यापासून 30 दिवसांत श्रम न्यायालयात दावा दाखल झाला पाहिजे, तुमच्या बाबतीत मारिबोरच्या. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही आणि ती हुकली की नोटिशीची वैधता तपासून घेण्याचा मार्ग बंद होतो. शेवटच्या दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवलेला दावाही वेळेत धरला जातो, पण तिथवर थांबू नका.

खर्चाच्या भीतीने अनेक जण मागे हटतात, याचे मला फार वाईट वाटते. नोकरी संपवण्याच्या वादात कामगार हरला तरी मालकाचा खर्च त्याच्यावर पडत नाही, फक्त दाव्याचा गैरवापर झालेला नसावा. निकाल तुमच्या बाजूने लागला तर पुन्हा कामावर घेण्याचा आदेश मिळू शकतो. किंवा परत जाणे शक्य नसेल तर न्यायालय करार संपल्याचे ठरवून 18 पगारांपर्यंत भरपाई देऊ शकते. आणखी एक, नोटिशीच्या काळात नवी नोकरी शोधण्यासाठी आठवड्याला किमान दोन तासांची पगारी मोकळीक मिळते, ती मागून घ्या. रोजगार सेवेच्या कार्यालयातही नोटीस घेऊन याच आठवड्यात जाऊन या.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. भत्त्यावरील परिणामाची लेखी सूचना मला मिळालेली नाही. संमतीचा कागद सही न करता परत देते आणि आठ वर्षांची सेवा धरून मुदत व रक्कम दुरुस्त करण्याची मागणी लेखी करते. जाहिरातीचे पान तारखेसह साठवले आहे. मारिबोरमध्ये कामगारांचे दावे चालवणारा, इंग्रजी येणारा वकील कोणाला माहीत असल्यास कृपया व्यक्तिगत संदेशातून कळवावे.